दोन लाख तास

"पाच म्हणजे पाचच, असं म्हणाला, सर. एक मिनिट इकडे-तिकडे होणार नाही म्हणाला."

मिस्त्री केबिनच्या दारातच उभे राहून बोलत होते. ते खालच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. गेल्या सात वर्षांत या तिसऱ्या मजल्यावर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं; काही सांगायचं असलं तर शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवायचे. तेव्हा ते स्वतः जिने चढून आले म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, हे सरांनी ओळखलं.

"आत या आधी. कोण म्हणाला?"

"वायरमन. आपल्या लॅबची लाइन आज संध्याकाळी पाचला तोडायची, असा कागद आहे त्याच्याकडे. मी म्हटलं, बाबा रे, चुकून आला असशील. तर त्यानं हे माझ्या हातात ठेवलं."

सरांनी चष्मा लावून कागद वाचला. खोली क्रमांक जु-सतरा गेली तीन वर्षे वापरात नसल्याने ताब्यात घेण्यात येत असून तिचा वीजपुरवठा अमुक तारखेस पाच वाजता खंडित करावा. तारीख आजची होती. खाली सही होती संशोधन अधिष्ठात्यांची, म्हणजे विद्यापीठातल्या सगळ्या संशोधनाचा कारभार पाहणाऱ्या माणसाची. म्हणजे सरांचीच.

"जु-सतरा म्हणजे आपली लॅब?"

"आता तसंच म्हणतात म्हणे. जु म्हणजे जुनी इमारत. पाटी लावून चार महिने झाले, सर."

पाटी लावल्याचं आपल्याला ठाऊक नाही, हे सरांनी मिस्त्रींना सांगितलं नाही. सगळ्या खोल्यांना नवे क्रमांक द्यायचा हुकूम मात्र त्यांचाच होता. त्यांच्या तोंडी ती खोली गेली एकवीस वर्षं 'खालची लॅब' होती. सह्यांच्या गठ्ठ्यात जु-सतरा आलं, तेव्हा कुणा कामचुकार प्राध्यापकाची अडगळ असेल असं समजून त्यांनी सही ठोकून दिली होती.

"मग आता फोन करा की त्यांना," मिस्त्री म्हणाले.

"कुणाला?"

"ज्यांनी सही केली त्यांना."

मिस्त्री अगदी सरळपणे बोलत होते. इंग्रजी सही त्यांना वाचता आली नव्हती. सरांनी कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली.

"तुम्ही खाली जा. मी बघतो," ते म्हणाले.

त्या खालच्या लॅबमध्ये होतं तरी काय, ते सांगायला हवं. एक उभी भट्टी होती, कमरेएवढी. तिच्यात पेन्सिलीएवढी पोलादाची एक कांडी अडकवलेली होती आणि कांडीच्या खालच्या टोकाला भलं मोठं वजन टांगलेलं होतं. पोलाद तापवून त्याला असं कायमचं ओझं दिलं की ते मुंगीच्या पावलानं लांबत जातं. किती लांबलं ते बाहेरच्या तबकडीवर दिसायचं. वीज बनवणाऱ्या कारखान्यांत वाफेच्या नळ्या असतात, त्या किती वर्षं टिकतील ते अशा कांडीवरून कळतं. बहुतेक जण वर्षभर असली चाचणी घेतात आणि पुढचं गणितानं मांडतात. सरांनी तरुणपणी जाहीर केलं होतं की आपण गणित मांडणार नाही, आपण वाट पाहणार. दोन लाख तास. म्हणजे जवळजवळ तेवीस वर्षं. विद्यार्थ्यांनी तेव्हापासून त्यांचं नाव 'सबुरी सर' ठेवलं होतं, आणि सरांना ते मनातून आवडत होतं.

आज सकाळपर्यंत एक लाख सत्त्याऐंशी हजार तास भरले होते. उरलेले तेरा हजार दीड वर्षात भरले असते, सर त्यानंतर तीन महिन्यांनी निवृत्त झाले असते. हे सगळं त्यांनी कधीच जुळवून ठेवलं होतं. एकदा का वीज गेली आणि भट्टी गार झाली, की खेळ खलास. परत तापवून पुढे चालू, असं या चाचणीत नसतं.

सरांनी कार्यालयातल्या बाईंना बोलावलं. बाई हुशार आणि कामाला चोख होत्या. सरांना त्यांचा आधार वाटे आणि थोडा धाकही वाटे.

"बाई, ही जु-सतरा यादीत कशी आली?"

बाईंनी फाइल बरोबरच आणली होती. "खोलीच्या वापराचा तक्ता आला नाही, सर. चार स्मरणपत्रं गेली. चौथं तुम्ही कडक करायला लावलं होतंत. 'याउपर उत्तर न आल्यास वापर नाही असे समजण्यात येईल.' मग आम्ही तसं समजलो."

"अहो, पण खोली माझी आहे. मला एक शब्द बोलायचा होतात."

बाईंचा चेहरा पडला. "आमच्याकडे नुसते क्रमांक असतात, सर. नावं ठेवायची नाहीत, म्हणजे कुणाला झुकतं माप जाणार नाही, असं तुम्हीच..."

"हो हो. बरोबर आहे."

बाई गेल्यावर त्यांनी आपली टपालपेटी उघडून पाहिली. चारही स्मरणपत्रं तिथे होती, एकही उघडलेलं नव्हतं. आपणच पाठवलेलं आपण काय वाचायचं, असं तेव्हा वाटलं असणार. बेचाळीस प्राध्यापकांच्या मानगुटीवर बसून त्यांनी तक्ते भरून घेतले होते आणि त्या धांदलीत आपण त्रेचाळिसावे आहोत, हे साफ विसरले होते. त्यांनी कपाळाला हात लावला. मग उचललाच आहे तर त्याच हातानं फोन घेतला.

वीज विभागाचे प्रमुख अदबीनं बोलले. "सर, मी नाही कशाला म्हणू? फक्त लेखी द्या. तोंडी सांगण्यावरून काम थांबवायचं नाही, असं परिपत्रक आहे ना तुमचं."

"आहे," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

लेखी द्यायला काहीच अडचण नव्हती. एक ओळ, एक सही. त्यांनी कागद पुढे ओढला आणि पेन हातात धरून बसले. पण लिहिणार कोण होतं, ते त्यांना कळेना. अधिष्ठाता म्हणून लिहावं तर कुणाच्या अर्जावर? प्राध्यापक म्हणून लिहावं तर त्याला हुकूम काढायचा अधिकार नाही. सात वर्षं ही दोन माणसं त्यांच्यात गुण्यागोविंदानं नांदत होती. सकाळी अधिष्ठाता कारभार करी, आणि संध्याकाळी घरी प्राध्यापक 'माझी लॅब, माझी लॅब' करी. आज पहिल्यांदाच दोघं एका खोलीत समोरासमोर आले होते आणि एकमेकांना ओळख दाखवत नव्हते.

दुपारी डबा खाताना बायकोचा फोन आला. तिला त्यांनी सगळं सांगितलं, कारण ती तोंडावर खरं बोलते.

"अहो, मग द्या की एक कागद लिहून. त्यात काय एवढं?"

"इतरांना नाही दिलं."

"इतर कोण?"

"अकरा खोल्या बंद केल्या. सात जणांनी सवलतीचे अर्ज केले होते. सगळ्यांना मी लिहिलं की चालू प्रयोग हे सवलतीचं कारण होऊ शकत नाही."

"असं का लिहिलंत?"

"नाहीतर सगळ्यांनीच म्हटलं असतं, आमचा प्रयोग चालू आहे."

"मला तर बाई काहीच कळत नाही. तुम्ही तिथे नक्की आहात तरी कोण?" ती म्हणाली. तिनं ते चिडून म्हटलं नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं. "संध्याकाळी वेळेवर या," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

जेवल्यावर ते काचवाल्या मॅडमकडे गेले. कशाला गेले, हे त्यांना जिना उतरतानाही सांगता आलं नसतं. काच किती सावकाश गार केली तर तडकत नाही, या एका प्रश्नावर मॅडमनी हयात घालवली होती. त्यांची भट्टी सरांनी दोन महिन्यांपूर्वी बंद करवली होती. आता त्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसत. तिथे एक टेबल आणि एक खुर्ची होती, भिंतीला लागून खोकी रचलेली होती.

"या, सर. नाही, त्या खोक्यावर नको, त्यात काच आहे. तुम्ही खुर्ची घ्या."

सर उभेच राहिले. उभ्या उभ्याच त्यांनी सगळी हकिगत सांगितली. ऐकता ऐकता मॅडमना हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सरही थोडे हसले. मग मॅडम हसायच्या थांबल्या.

"किती राहिलेत?"

"तेरा हजार तास."

"म्हणजे दीड वर्ष. मी चार महिने मागितले होते."

"हो."

"द्या सर, स्वतःला सवलत. मी कुठे बोंब मारणार नाही. एकवीस वर्षांचं काम मातीत जावं, असं मला वाटेल का?"

"म्हणजे मी द्यावी म्हणता?"

"ते मला विचारू नका." त्यांनी समोरच्या उत्तरपत्रिकेवर गुण मांडले आणि पेन खाली ठेवलं. "मला एकच सांगा. माझ्या अर्जावर तुम्ही शेरा मारलात, तेव्हा तो वाचला होतात?"

सरांनी आठवून पाहिलं. तो दिवस आठवला. बाहेरचे पाहुणे आले होते, मधेच पेनाची शाई संपली होती, बाईंनी दुसरं पेन दिलं होतं. अर्ज काही आठवेना.

"आठवत नाही," ते म्हणाले.

"चार पानं होती. दोन दिवस खपले होते मी त्यावर."

खोटं बोलायला हवं होतं, असं सरांना वाटून गेलं. "तुमची भट्टी परत सुरू करता आली तर..." ते म्हणाले.

"कशी करणार? विटा नेल्या. तिथे आता झेरॉक्सचं मशीन आहे." मॅडमनी पुढची उत्तरपत्रिका ओढली. "आज तुमचा स्वतःचा अर्ज येईल ना? तो तरी नीट वाचा."

केबिनमध्ये येऊन सरांनी दार लावलं. अर्ज लिहायला ते पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. आपल्या खुर्चीत बसून आपल्यालाच विनंती करायची, हे त्यांना बरं दिसेना. पानभर अर्ज लिहिला. चाचणी कशाची, किती तास झाले, किती उरले, आजच बंद पडली तर काय जाईल. लिहिताना त्यांना भरून आलं. विभागप्रमुखांनी "सर, मी कोण तुमच्या अर्जाला शिफारस करणार!" असं म्हणत शिफारस केली. बाईंनी आवकचा शिक्का मारला आणि अर्ज नेहमीच्या ठिकाणी, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात आणून ठेवला.

मग सर टेबलाला वळसा घालून आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि नीट वाचू लागले.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्जदाराचा राग आला. चार स्मरणपत्रांना उत्तर देत नाही आणि शेवटच्या दिवशी धावत येतो. दुसऱ्यांदा वाचताना प्रश्न पडू लागले. सध्या विद्यार्थी किती? सहा वर्षांत एकही नाही. शेवटचा शोधनिबंध कधीचा? नऊ वर्षांपूर्वीचा. मग चाचणी कोण बघतं? एक तंत्रज्ञ. अर्जदार स्वतः तिथे कधी जातो, हे अर्जात लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा वाचलं आणि माणसाची कीव आली. चांगला माणूस असावा, देऊन टाकावं, असं वाटलं. पण मग मॅडमच्या चार पानांतही असाच एक चांगला माणूस असणार, आणि बाकीच्या सहांतही. निदान खाली जाऊन भट्टी तरी पाहावी, न पाहता कसं नाकारायचं, असं म्हणून ते उठले. आणि तसेच खाली बसले. त्या सातांपैकी कुणाची खोली पाहायला ते गेले होते?

नाकारलं तर न्याय होईल, की आपण किती न्यायी म्हणून मिरवायची हौस भागेल? मंजूर केलं तर विज्ञान वाचेल, की आपली दीड वर्षाची सोय? एकदा तर त्यांना वाटलं की तक्ता आपण विसरलोच नव्हतो. 'वापर किती?' या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नसेल, म्हणून टाळलं असेल. पण हेही खात्रीनं सांगता येईना. डोकं नुसतं भणभणत होतं आणि घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

शेवटी त्यांनी पेन उचललं आणि हाताला सवयीचं होतं ते लिहिलं. चालू प्रयोग हे सवलतीचे कारण होऊ शकत नाही. नामंजूर. खाली सही केली.

बाईंनी तो शेरा वाचला, सरांकडे पाहिलं, परत वाचला. "सर, अहो..."

"जावक करा."

बाईंनी शिक्का मारला. मग खाली मान घालून म्हणाल्या, "अर्जदाराला प्रत द्यावी लागते, सर. पोच लागेल." सरांनी प्रत खिशात ठेवली आणि पोच म्हणून सही करून दिली.

खाली वायरमन पॅसेजमध्ये पेटी घेऊन बसला होता. सरांना पाहून तो उठला. मिस्त्रींनी भट्टीजवळची जागा झाडून काढली होती, तबकडीची काच पुसली होती.

"काय म्हणाले ते साहेब?" मिस्त्रींनी विचारलं.

सरांना वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, यांनी कधीच ओळखलं असेल आणि आपली लाज राखताहेत. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"नाही म्हणाले."

"तुम्ही समजावून नाही सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांनी सगळं वाचलं. नाही म्हणाले."

मिस्त्रींनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "वाचलं तरी ना," ते मग म्हणाले.

पाच वाजता वायरमननं बॅटरीची तार सोडवून खटका ओढला. भट्टीची बारीक घरघर थांबली. ती घरघर होती, हे सरांना ती थांबल्यावरच कळलं. वायरमन सही घेऊन निघून गेला. आता राखायचं काही उरलं नाही, तेव्हा सरांनी भट्टीचे दोन्ही अर्धे भाग उघडायला सांगितले. मिस्त्रींनी जाड हातमोजे घालून ते उघडले. आत लालसर कांडी दिसली. बघता बघता ती राखाडी झाली.

"सर, इकडे बघा!"

तबकडीवरचा काटा हलत होता. एकवीस वर्षांत तो हलताना कुणी पाहिला नव्हता. आज बघावं तर इथे, महिन्याभरानं बघावं तर किंचित पुढे. आता कांडी गार होऊन आखडत होती आणि काटा डोळ्यांदेखत मागे येत होता.

मिस्त्रींनी नोंदवही उघडली. रोज सकाळी तबकडीवरचा आकडा लिहायचा आणि पुढे दोन शब्दांचा शेरा, अशी त्यांची पद्धत होती. काटा ज्या आकड्यावर येई तो आकडा ते वहीत शोधू लागले. मागची पानं, मग त्याच्या मागची, मग आधीची वही.

"हा गेल्या उन्हाळ्यातला आकडा. 'दिवे गेले, बॅटरीवर चालू.'" त्यांनी पानं उलटली. "हे दोन वर्षांपूर्वीचं. 'धाकटीचं लग्न. पहाटे येऊन गेलो.'"

"लग्नाच्या दिवशी?"

"मुहूर्त दुपारचा होता, सर." त्यांचं बोट पानावरून खाली सरकत होतं. "'सर आले, पाहुण्यांबरोबर. फोटो काढले.' हे चार वर्षांपूर्वीचं. 'सरांचे वडील गेले. आकडा वेळेवर घेतला.'"

सर स्टुलावर बसले. काटा आता जरा सावकाश येत होता, पण येत होता. मिस्त्रींनी आणखी एक वही काढली, तिच्यावरची धूळ शर्टाला पुसली.

"हे सात वर्षांपूर्वीचं. 'सर मोठे साहेब झाले. सगळ्यांना चहा.'" त्यांनी काट्याकडे पाहिलं, पान उलटलं आणि थांबले.

"वाचा ना," सर म्हणाले.

"याच्या आधी रोज नुसतं एकच आहे, सर."

"असू दे. वाचा."

मिस्त्रींनी वही उजेडाकडे धरली. "एकोणतीस तारीख, सर आले. अठ्ठावीस, सर आले. सत्तावीस, सर आले. सव्वीस, रविवार, सर आले."

सरांनी तबकडीकडे पाहिलं नाही. मिस्त्री एकेक तारीख वाचत राहिले.